लाविनियमचे देव

३ जुलै १९५०, सोमवार
यंदापासून मुलींना इतिहास मराठीतून. पुस्तक मात्र अजून उर्दूच. धडा मीच मराठीत उतरवते. आजचा — लाविनियम. ट्रॉय जळालं तेव्हा इनिअस घरचे देव घेऊन निघाला आणि लॅटिन लोकांच्या मुलखात हे गाव वसवलं. रोमच्या कितीतरी आधी.

५ जुलै
शाळेतून आले तर औरंगपुऱ्यातल्या खोलीला बाहेरून कडी. सासूबाई देवांचा डबा घेऊन सोयगावला परत गेल्या. दुसऱ्यांदा.
शेजारच्या सरूबाई म्हणाल्या, "लई समजावलं म्हातारीला. म्हणे, वैजू आला तर दार कोण उघडंल?"
त्यांचा वैजू, म्हणजे हे, निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले त्याला दोन वर्षं झाली. पोलीस अ‍ॅक्शन झाली, सोबतचे परतले. यांचं पत्र नाही, निरोप नाही. मी रडत नाही. भाजी चिरते, वह्या तपासते.

७ जुलै
पुढचा भाग शिकवला. इनिअसच्या मुलानं आल्बा हे नवं शहर वसवलं, देव तिथं नेले. सकाळी पाहतात तर देव पुन्हा लाविनियमात. परत नेले, परत तेच. शेवटी देवांपाशी राहायला माणसंच तिकडे धाडली.
द्वारका उठली. "बाई, देव गेले कसे? मोटारीनं?"
वर्ग हसला. मीही हसायला हवं होतं.

९ जुलै, रविवार
सोयगावला जाऊन आले. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.
"नोकरी सोड अन् इथं ये, उमा."
"खायचं काय?"
"तू लई शिकलेली. पण तो तुझ्या शाळेत नाही येणार. इथं येईल."
मी म्हटलं, तिसऱ्यांदा न्यायला यायची नाही.
त्या म्हणाल्या, "नको येऊ." निवडत राहिल्या.

११ जुलै
राजीनामा लिहिला. दिला नाही.

१६ जुलै
सकाळीच सासूबाई दारात. एकट्या. काखेत कपड्यांचं बोचकं, डबा नाही.
"देव?"
"श्रीधरकडे दिले."
श्रीधर माझे चुलत दीर. वंश खुंटला की घरचे देव भाऊबंदांत देतात.
बोचकं कोपऱ्यात ठेवून त्या भिंतीला टेकल्या. माझ्या कपाळाकडे बघितलं.
"कुंकवाचं तुझं तू ठरव. मी काही म्हणायची नाही. चहा टाक."