बाबांनी उघडलेलं मशीन

९ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं — आईचं स्वरयंत्र काढावं लागणार. पुढच्या सोमवारी ऑपरेशन. आवाज कायमचा जाणार. तसा आत्ताचाही आवाज कसला, नुसती खरखर! आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "मग चिंगीला बटणाची गोष्ट कोण सांगणार?"

चिंगी म्हणजे दादाचं शेंडेफळ. कोटावरून निसटून घरभर पळणाऱ्या बटणाची गोष्ट आईनंच रचलेली. आधी दादाला आणि मला सांगितली, आता चिंगीला. बाबांनी ती एकदा भाड्याच्या कॅमेऱ्यात टिपली होती आणि मग घरच्या व्हीसीआरवर मोठ्या कॅसेटमध्ये उतरवून घेतली होती. मी माळ्यावर चढले. सापडली! बाबांचं अक्षर — 'बटण'. व्हीसीआर मात्र केव्हाच भंगारात गेलाय.

आईला मोबाइल नको, कॉम्प्युटर नको. टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर तेवढा तिच्या हातातला. तेव्हा डीव्हीडीच करायची. वहिनी म्हणाली, मी करते. बास. एवढंच बोलली.

१० मार्च

कोपऱ्यावरच्या फोटोवाल्यानं त्याचा व्हीसीआर दिला. कॅसेट घातली आणि बघते तर काय! आईचं डोकं एकीकडे, खांदे दुसरीकडे, खाली नुसत्या गारा पडताहेत. आवाज तर घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. एक शब्द कळेल तर शपथ!

मी म्हटलं, गेली कॅसेट. वहिनी म्हणाली, थांब, एका कॅसेटवरून काही ठरवायचं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी, आणि ही बाई मशीनचं झाकण काढून आत डोकावतेय! रोज कवळ्या घडवणारी ती. घाई केली तर लोकांना जेवता येत नाही, असं तिचं म्हणणं.

११ मार्च

वहिनीनं रजा काढली. आधी मशीन पुसलं — तरी तेच. मग फोटोवाल्याची कॅसेट लावली — लख्ख! मग आमच्या सगळ्या कॅसेट एकेक करून. सगळ्यांत गारा त्याच जागी. सगळ्यांत घागर.

दादा म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. वहिनी मान वर न करता म्हणाली, "अंगणच वाकडंय. कॅसेट चांगल्या आहेत. ज्या मशीनवर भरल्या, ते वाकडं होतं."

दादानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. बाबा!

बाबांची ती दुरुस्ती साऱ्या गोतावळ्यात प्रसिद्ध. नव्याकोऱ्या व्हीसीआरमध्ये कॅसेट अडकली, बाबांनी मशीन उघडलं, नको तो स्क्रू फिरवला. तेव्हापासून आमच्या कॅसेट फक्त आमच्याच मशीनवर दिसायच्या, शेजाऱ्यांच्या आमच्याकडे दिसायच्या नाहीत. मग काय! नळ गळू दे, पंखा अडू दे — याच्या हाती स्क्रूड्रायव्हर देऊ नका रे. आत्या म्हणायची, काका म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आजही आम्ही पोट धरून हसलो. आई उठून आत गेली. दुखत असेल.

१२ मार्च

वहिनीला उपाय सुचलाय. फोटोवाल्याचं मशीनही तेवढंच वाकडं करायचं! पण तो फोन उचलत नाही. वहिनी कवळ्या घासतेय, मी नखं खातेय.

१३ मार्च

फोटोवाला स्वतःच आला. ऐकून म्हणाला, ताई, माझं धडधाकट मशीन बिघडवायला मागताय? वहिनीनं त्याला आईच्या शेजारी बसवून ती कॅसेट दाखवली. तो थोडा वेळ घागर ऐकत बसला. मग म्हणाला, फिरवा.

आणि काय ते हात! आधी प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची खूण, म्हणजे परत जागेवर आणता येईल. मग केसाएवढं फिरवायचं, थांबायचं, पाहायचं. पुन्हा केसाएवढं. गारा हळूहळू खाली सरकल्या. डोकं खांद्यांवर आलं. मग आवाजाचा स्क्रू — आणि घागरीतून आई बाहेर आली! "धावत धावत कोण आलं?" खणखणीत! असा आवाज होता तिचा? मी विसरलेच होते.

मी वहिनीच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, हात हलेल.

१४ मार्च

डीव्हीडी कॉम्प्युटरवर चालते. टीव्हीखाली घातली तर प्लेअर म्हणतो, आत काहीच नाही! आधीच्या तबकडीत ओठ पुढे आणि आवाज मागे. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरत असताना दादा त्याच्यावरच मॅच बघत होता म्हणून. वहिनीनं सगळं पुन्हा पहिल्यापासून उतरवलं. आताची भानगड मात्र साधी निघाली. तबकडी भरल्यावर शेवटी कॉम्प्युटरवरच ती बंद करावी लागते, तरच प्लेअर ती वाचतो. ते राहिलं होतं. केलं.

लागली! मी नाचले. वहिनी कॅसेटचा खोका आवरत होती.

१५ मार्च, रविवार

आईनं स्वतः तबकडी घातली, स्वतः बटण दाबलं. चिंगीनं विचारलं, टीव्हीतली ही बाई कोण? तुझीच आजी, म्हटलं. तिचा विश्वास बसेना. पण टीव्हीतून "धावत धावत कोण आलं?" आलं आणि चिंगी ओरडली — बटण आलं!

आई वहिनीचा हात धरून बसली होती. मी म्हटलं, बाबांनी एवढं बिघडवलं, पण सुनेनं निस्तरलं. सगळे हसले. आई हसली नाही. ती माझ्याकडेच पाहत राहिली.

१६ मार्च, सोमवार

आत नेण्याआधी आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं. कान तोंडापाशी न्यावा लागला.

"मशीन मी उघडलं होतं. कॅसेट अडकली म्हणून तू रडत होतीस. तुझ्या आजीनं विचारलं, कोणी बिघडवलं? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, मी." दम लागला तिला. "जन्मभर हसून घेतलं स्वतःवर. सगळ्यांना सांग. आता मला सांगता यायचं नाही."

मग नेलं तिला.