सासऱ्यांच्या बोटीचा पत्रा

१ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. कुलपाच्या खणात ठेवायची, किल्ली चष्म्याच्या डबीत.

विषय: बोट. सासऱ्यांची. पोलादी, तीन वर्षं नदीच्या धक्क्याला ताडपत्रीखाली पडून आहे. सासरे गेल्यावर हिच्या नावावर झाली. (ही म्हणजे बायको. रोजनिशीत नाव लिहिणं धोक्याचं.)

२८ तारखेला मेव्हणा येणार आणि सासूबाईंना कायमचं आपल्या घरी घेऊन जाणार. तिथे पाणी म्हणजे नळाचं. सासूबाईंचं एकच मागणं, जायच्या आधी त्या बोटीतून एक फेरी. मी शब्द दिला. सर्वांसमक्ष.

योजना: रंग खरवडून पत्रा उघडा करणे, चार दिवस. प्रायमर, दोन. रंग, दोन. एकूण आठ. एकोणीस दिवस शिल्लक. त्यात सुकाणू धरायचा सराव. बावीस वर्षांत सासऱ्यांनी ते एकदाही माझ्या हातात दिलं नाही. विचारलं की म्हणायचे, आज वारा आहे. वारा नसलेल्या दिवशीही.

काम मीच करणार. विमा कंपनीच्या दावे विभागात एकतीस वर्षं काढली, एकही दावा पहिल्या फेरीत मंजूर केला नाही. मला फसवायचं तर जरा लवकर उठावं लागेल.

२ मार्च
एका ठेकेदाराला विचारून पाहिलं. त्याने बोटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, आधी पत्र्याची जाडी मोजून घ्या. मोजणारा कोण, विचारलं. त्याचा भाऊ. कुठेतरी पाणी मुरतंय. नको म्हटलं.

आता स्वस्तातलं यार्ड शोधायचं. असं, जिथे बोट पाण्याबाहेर काढून देतील आणि आपलं काम आपल्याला करू देतील. असली यार्डं कमी होत चालली आहेत असं ऐकतो. मुद्दाम कमी केली जात असणार.

४ मार्च
यार्ड क्र. १. भाडं फारच कमी. इतकं कमी का, असं मालकाला सहा वेळा विचारलं. सहाही वेळा तेच उत्तर दिलं, की जागा रिकामी आहे म्हणून. पाठ केलेलं उत्तर. बाद.

यार्ड क्र. २. भाडं जास्त. इतकं जास्त का, हे विचारायची गरजच नव्हती. बाद.

यार्ड क्र. ३. काम स्वतः करू देत नाहीत. बाहेरचे कारागीर चालत नाहीत आणि बोटीचा मालक तर मुळीच नाही, म्हणे. निदान प्रामाणिक होता. बाद.

६ मार्च
यार्ड क्र. ४ ठरवलं. चालवणारी एक बाई आहे. बोलणं तुटक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. भाडं फुटावर. मी बोट सव्वीस फूट सांगितली. तिने टेप लावली, एकतीस भरली. टेप तिचीच. काय बोलणार.

नियम तीन. जमिनीवर ताडपत्री अंथरायची, म्हणजे रंगाचा कचरा मातीत जाणार नाही. ग्राइंडर आठ ते सहा. आणि दुसऱ्याच्या बोटीला हात लावायचा नाही. तिसरा नियम आवडला. तरी वाटलं, असा नियम करावा लागला म्हणजे पूर्वी काहीतरी घडलं असणार.

ही म्हणाली, वडीलही इथेच आणायचे. मग आधी का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर हे यार्ड पहिलं बाद झालं असतं. तिचं बोलणं कधीकधी कळत नाही.

९ मार्च
क्रेनने बोट उचलली, स्टँडवर ठेवली. क्रेनला दोन दिवस उशीर. उरलेल्या दिवसांतून वजा.

शेजारी यार्डचा वेल्डर काम करतो. वयस्कर, मिशा पांढऱ्या. बोट उतरली तशी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग मान हलवून निघून गेला. आतल्या गाठीचा दिसतो.

१० मार्च
कामाचा श्रीगणेशा. ग्राइंडर, चष्मा, मास्क, हातमोजे. योजनेनुसार आज एक बाजू निम्मी व्हायची होती. झाली उघडलेल्या वर्तमानपत्राएवढी. कारण: ग्राइंडर जड. खांदा. शिवाय वेल्डर बघत होता.

रंगाचे थर मोजले. निळा, खाली लाल, मग हिरवा, करडा, पुन्हा लाल. सासरे दर वर्षी जुन्यावर नवा चढवत गेले. रंग देत होते की काही झाकत होते? नोंद घेतली.

१२ मार्च, सकाळी ८.२०
अजब. बोटीच्या पोटावर, पाण्याच्या रेषेच्या खाली, खडूने काढलेला गोल. बशीएवढा. काल नव्हता.

पुसला. कोणाला काही बोललो नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही.

१३ मार्च
आज चार गोल. डावीकडे तीन, मागे पंख्याजवळ एक. ओल्या फडक्याने पुसले.

संशयित क्र. १: वेल्डर. पत्रा खराब आहे असं दाखवून धंदा मिळवणार. संशयित क्र. २: यार्डवाली. गोलाला एवढे पैसे म्हणून बिलात घालणार. संशयित क्र. ३: मेव्हणा. तो दूर आहे, पण माणसं पाठवू शकतो. त्याला ही फेरी नकोच आहे. परवा फोनवर म्हणाला, आईला उगाच दगदग. उगाच?

१५ मार्च
सापळा लावला. सात वाजताच येऊन केबिनमध्ये लपलो. फटीतून नजर. सात पन्नासपर्यंत काही नाही. मग डोळा लागला असावा, कारण हिने थर्मास घेऊन हाक मारली तेव्हा साडेनऊ झाले होते.

खाली तीन नवे गोल.

काही दिसलं का, हिने विचारलं. मी म्हटलं, तपास चालू आहे. तिची बोटं पांढरी होती. कणीक भिजवून तशीच आली असणार, बिचारी. माझ्यासाठी किती धावपळ करते.

कामाची प्रगती: वर्तमानपत्रं साडेपाच.

१७ मार्च
सासूबाईंचा फोन. बोट कुठवर आली, विचारलं. म्हटलं, जवळजवळ झालीच. फेरीला कोणती साडी नेसू, म्हणाल्या. त्या साडी नेसून बोटीत बसणार आणि सुकाणू माझ्या हातात असणार, हे मनात आलं आणि मला फार बरं वाटलं. म्हटलं, निळी.

दुपारी बोटीवर जाड मार्करने सूचना लिहिली: खडूवाल्यास, तुझा डाव ओळखला आहे.

१८ मार्च, सकाळी ८.०५
उत्तर आलं. माझ्या सूचनेपासून हातभर खाली, आजवरचा सगळ्यात मोठा गोल, आणि आत दोन शब्द: इथे नको.

गुन्हेगार घाबरला. एकतीस वर्षांत हेच शिकलो. अर्जदार म्हणाला की ही फाईल बघायची गरज नाही, की तीच फाईल आधी काढायची. इथे नको, म्हणजे जे काही आहे ते इथेच आहे.

ग्राइंडरला नवी डिस्क लावली.

त्याच दिवशी, ११.४०
भोक.

आधी निळा गेला, लाल गेला, हिरवा गेला. करडाही गेला. शेवटच्या लालाखाली पत्रा लागायला हवा होता. पत्रा लागला, पण कागदासारखा. डिस्क पलीकडे गेली. आत केबिनची फरशी दिसते. अंगठा सहज जातो.

शांत राहिलो. हे कोणी केलं असेल?

११.५५
वेल्डर जेवायला गेला होता. लांबीचा, म्हणजे भेगा भरायच्या पुट्टीचा, डबा उघडला. भोक भरलं, हाताने सपाट केलं, वर प्रायमर मारला. आता दिसतही नाही. खडूचा गोलही गेला. पुरावा मीच नष्ट केला, हे नंतर लक्षात आलं.

घरी हिने विचारलं, आज कुठल्या भागात काम केलं. सगळीकडे थोडं थोडं, म्हणालो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिलाही संशयाची सवय लागत चाललीय, माझ्या संगतीने.

२० मार्च
जेवण जात नाही. लांबी वाळली की नाही ते बघायला दिवसातून सात वेळा तिथे जाऊन उभा राहतो. वाळलीय. टिकेल. समुद्रात थोडीच जायचं आहे, नदीत एक फेरी. वीस मिनिटं. पाणी आत यायलाही वेळ लागतो.

सासूबाईंना पोहता येतं का, हे हिला सहज म्हणून विचारलं. नाही, म्हणाली. का विचारता, म्हणाली. सहज, म्हटलं.

२२ मार्च
आजची नोंद सविस्तर. कधी चौकशी झालीच तर उपयोगी पडेल.

सकाळी यार्डवालीकडे लेखी तक्रार दिली. नियम तिसरा मोडला गेला आहे, माझ्या बोटीला परक्याने हात लावला आहे, त्यातून पत्र्याचं नुकसान झालं आहे, वेल्डरला यार्डातून काढावं. तिने कागद दोनदा वाचला. मग किल्ल्या वाजवत बोटीपाशी आली आणि वेल्डरला बोलावलं. ही नेमकी तेव्हाच थर्मास घेऊन आली.

वेल्डरने खिशातून छोटी हातोडी काढली आणि पुढून मागे पत्रा वाजवत निघाला. खण, खण, खण. मध्येच बद्द. पुन्हा खण. जिथे जिथे बद्द वाजलं, तिथे तिथे मी गोल पुसलेले होते. मला प्रत्येक जागा पाठ आहे. मग तो माझ्या ताज्या प्रायमरपाशी आला. हलकेच वाजवलं. लांबीचा गोळा आत पडला आणि केबिनमध्ये गडगडत गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

यार्डवालीने विचारलं, हे गोल कोणी काढले होते.

ही म्हणाली, "मी. आणि नियम मोडलेला नाही. बोट माझ्या नावावर आहे."

सासरे दर वर्षी रंग द्यायच्या आधी हातोडी आणि खडू घेऊन फिरायचे, म्हणे. लहानपणापासून खडू हिच्याकडे असायचा. पत्रा कुठे झिजलाय ते तिला माहीत होतं. तिथे ग्राइंडर लावायचा नाही, हाताने हळू खरवडायचं आणि नवा पत्रा जोडायचा. मी म्हटलं, मग तोंडाने का नाही सांगितलं.

ती म्हणाली, "तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही आधी तिथेच ग्राइंडर लावला असता."

हे खरं नाही. लेखी दिलं, तेव्हाच लावला.

वेल्डरने हिशेब सांगितला. नऊ ठिकाणी पत्रा बदलावा लागेल, तीन आठवडे, घाई केली तर अडीच. २८ तारीख विसरा. मी त्याला काढून टाका म्हणून लिहिलेला कागद अजून यार्डवालीच्या हातात होता. तिने तो चार घड्या करून मला परत दिला.

२३ मार्च
गेलो नाही. अंग दुखतंय. तपास बंद.

२५ मार्च
सासूबाईंना फोन केला. म्हटलं, मटेरियल वेळेवर आलं नाही, पुरवठादार बेभरवशाचा. त्या बरं म्हणाल्या. कोणता पुरवठादार, एवढंही विचारलं नाही. इतका साधा माणूस मी आमच्या विभागात कधी पाहिला नाही.

फोन ठेवल्यावर पाहिलं तर ही दारात उभी. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

२७ मार्च
संध्याकाळी हिने सासूबाईंना यार्डात आणलं. मला आधी सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी आठला मेव्हणा नेणार, म्हणून. सासूबाईंनी निळी साडी नेसली होती.

बोट स्टँडवरच. पाणी पन्नास पावलांवर. वेल्डरने शिडी लावली, एका बाजूने त्याने आधार दिला, मागून हिने. ऐंशी वर्षांची बाई नऊ पायऱ्या चढून वर गेली. मी शिडी धरून उभा होतो. ही वर जाऊन सुकाणूपाशी उभी राहिली. सासूबाई त्यांच्या जुन्या जागेवर, डाव्या हाताला बसल्या. पाऊण तास. मला वर या असं कोणी म्हणालं नाही. येऊ नका असंही कोणी म्हणालं नाही.

मला फार वाईट वाटलं. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. त्या एवढ्या लांब जाणार, पुन्हा कधी येतील सांगता येत नाही, आणि मी त्यांना पाण्यापर्यंत नेऊ शकलो नाही. शब्द माझा होता.

माझं म्हणणं मी मनात तयार ठेवलं होतं. पुरवठादार, क्रेनचे दोन दिवस, पत्र्याचं वय, सासऱ्यांनी चढवलेले थर. क्रमवार.

सासूबाई कठड्यावरून वाकल्या. भोक त्यांच्या बरोबर खाली होतं, माझ्या खांद्याशी. त्या म्हणाल्या, "जावईबापू, यांनीही एकदा असंच भोक पाडलं होतं. पण त्या दिवशी हात धुवायच्या आधी मला येऊन सांगितलं."

मी मान वर केली. पुरवठादारापासून सुरुवात करावी की क्रेनपासून, हे ठरेना. तेवढ्यात त्यांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, आणि शिडी दोन्ही हातांनी धरावी लागली.