वॉकमनचे दुसरे भोक

मी, नाथाजी बाबूराव फाळके, वय एकोणसाठ, तोफखान्यातून निवृत्त हवालदार, धंदा शेती, राहणार बोरीचीवाडी, तालुका कोरेगाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. छातीचे दुखणे आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कान तेवढे गेले. त्याचा दोष वॉकमनला देऊ नये, तोफांना द्यावा.

१. राहते घर व ओढ्याकाठचे उसाचे रान पत्नी सौ. अंबूबाई हिचे, तिच्यामागे चिरंजीव धैर्यशीलचे. तिला विचारल्याशिवाय एक वीटही हलवू नये.

२. टू-इन-वन धैर्यशीलला. त्याचे म्हणणे, एका पेटीत रेडिओ, कॅसेट, रेकॉर्डिंग सगळे मिळत असता नुसती गाणी वाजवणारी डबी कशाला? त्यास सांगणे की, सगळे करणाऱ्या पेटीत गाण्याचा नंबर शेवटी लागतो. बाजारभाव आले की गाणे बंद, क्रिकेट आले की बंद. आणि बातम्यांच्या वेळी घरात भांडे वाजले तर मी काय करतो, ते घरच्यांना ठाऊक आहे. वॉकमनला दुसरे कामच नाही, म्हणून तो गाणे नीट ऐकवतो.

३. नानासो जगताप यांनी माझ्या दोन कॅसेटी नेल्या आहेत, त्या परत कराव्यात. ते साक्षीदार आहेत, तरी हे वाचूनच सही करावी.

४. वॉकमन अंबूबाईस. नोकरीत असताना तो सिलिगुडीच्या बाजारात घेतला. त्याला हेडफोनची दोन भोके आहेत, दोघांनी मिळून ऐकावे म्हणून. अंबूबाईने विचारले होते, "आवं, ह्ये दुसरं कशाला?" मी म्हणालो, "चार्जिंगचं हाय." तिला गाण्याचा लय नाद. मी ओसरीवर डोळे मिटून बसायचो आणि ती भाकरी थापताना माझ्या बोटांचा ठेका बघून गाणे ओळखू बघायची. मला याची लाज वाटते. दुसरा हेडफोन साताऱ्याहून आणून ट्रंकेत ठेवला आहे. तो हातात द्यायला धीर झाला नाही. माझ्यामागे तिने व आमची मुलगी संयोगिता हिने मिळून ऐकावे.

पुरवणी : वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. कानांमुळे माझे वाचणे मोठ्याने होते. अंबूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली व म्हणाली, "त्या भोकाचं संयोगितानं मला पयल्याच वर्षी सांगितलं हुतं."

मी विचारले, "मग मागितलं का न्हाईस?"

"ती डबी कानाला असली की तुमी वरडत नव्हता. तेवढंच घटकाभर घरात निवांत वाटायचं. मी कशाला मागू?"

एरवी मला दोनदा सांगावे लागते, हे मात्र पहिल्याच खेपेला ऐकू आले.

सबब कलम ४ मधील "लाज वाटते" हे शब्द कायम ठेवावेत. कारण तेवढे खोडून वर अंबूबाईने सांगितलेले धरावे.

लिहून ठेवणार : नाथाजी बाबूराव फाळके
साक्षीदार : नानासो जगताप (कॅसेटी उद्या देतो), धोंडिराम कांबळे
मु. बोरीचीवाडी, १२ नोव्हेंबर १९९६