मागची डावी जागा

५ नोव्हेंबर

कोल्हापुरात येऊन आज चार दिवस झाले आणि मी खुशीत आहे. नागाळा पार्कात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, पुढे बाल्कनी, खाली पार्किंग. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटीचा प्रमुख म्हणून रुजू झालो. पुण्यात मी पंधरा जणांतला एक होतो, इथे शिपाई उठून उभा राहतो. गावाबद्दल फार लिहावं असं काही नाही. माणसं भांडत असल्यासारखी बोलतात आणि मग कळतं की चहाचं विचारत होती. मला सगळे ‘पावणं’ म्हणतात. मी पाहुणा नाही, साहेब आहे, हे यांना हळूहळू उमजेल.

गाडीचं ठरवलंय. ऑफिसातले लोक हप्त्यावर नवी छोटी गाडी घ्या म्हणून मागे लागलेत. पत्र्याचं डबडं, आत बसलं की गुडघे हनुवटीला. त्यापेक्षा जुनी पण खानदानी जर्मन सेडान घ्यावी आणि रोज तिनेच कामावर जावं. चौदा वर्षं वापरलेली, दोन लाख चौदा हजार किलोमीटर पळालेली एक गाडी हेरून ठेवली आहे. एवढी पळाली म्हणजे कुणीतरी जिवापाड सांभाळली असणार. ही साधी गोष्ट इथे एकाच्याही डोक्यात शिरत नाही.

शाळेचा दाखला निघाला की बायको मोना आणि मुलगी राजनंदिनी तेवीस तारखेला येतील. अकरा वर्षांच्या पोरीला स्टेशनवरून स्वतःच्या ऐटबाज गाडीतून घरी आणायचं, एवढं एकच मला या घडीला हवं आहे.

८ नोव्हेंबर

गाडी घेतली. मूळ मालक बाळासो, गुळाचे अडत व्यापारी, मार्केट यार्डात मोठं दुकान. ऑगस्टमध्ये वारले, तेही याच गाडीत, दुकानाला जाताना. विकायला बसली होती त्यांची बायको, सगळे तिला आक्का म्हणतात. मी गिअरबॉक्स, सस्पेन्शन, सर्व्हिसच्या नोंदी असे प्रश्न लिहून नेले होते. बाईंना त्यातलं ओ की ठो माहीत नाही. त्यांनी उलट मलाच विचारलं, तुम्ही गाडी रोज काढणार काय? मी म्हटलं, रोजच्याच वापराला हवी आहे, सव्वाआठला निघतो, वाट मार्केट यार्डावरूनच आहे. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. याआधीची दोन गिऱ्हाइकं म्हणे परत पाठवली. एकाला लग्नात भाड्याने द्यायची होती, दुसऱ्याला फक्त रविवारी मिरवायची होती. माझ्यासाठी तर बाईंनी न मागता किंमत उतरवली. अशी माणसं व्यापार कसा करतात देव जाणे.

मग माझा सत्कार झाला. पाटावर बसवून कुंकू लावलं, हातात नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली. राजीखुशीनं घेताय न्हवं, असंही विचारलं. मी हसू दाबून हो म्हटलं. गाडीला मात्र साधा हार नाही. दारात त्यांचा जुना ड्रायव्हर जोतीराम उभा होता, साठीचा माणूस. टोपी माझ्या डोक्यावर चढली तसा तो पायरीवर बसून रडायला लागला. मालकाच्या गाडीवर स्वतःची असल्यासारखा जीव टाकायचा, ही लाचारी मला कधीच सहन होत नाही. टॉवेल-टोपी डिकीत फेकली.

१० नोव्हेंबर

काय गाडी आहे. दार लावलं की गावाचा सगळा गोंगाट बाहेर राहतो. खड्ड्यातून गेली तरी आत कळत नाही, आणि या शहरात खड्ड्यांना तोटा नाही. आत गुळाचा आणि तंबाखूचा वास आहे, दोनदा धुऊनही गेला नाही. मागची डावी बाजू जराशी बसल्यासारखी वाटते. एवढ्या पळालेल्या गाडीत इतपत असणारच.

१२ नोव्हेंबर

उद्यमनगरात सिद्धराम नावाच्या मेकॅनिककडे गेलो. कानात बोळा, तोंडात मावा, पण सगळे म्हणतात हात चांगला आहे. त्याने गाडी वर घेतली, खाली घेतली, पुन्हा वर घेतली. स्प्रिंगा दणदणीत हायत म्हणाला. मग बसते कशी, असं विचारलं तर वैतागला. वजनानं बसलीया की, मागं डाव्या अंगाला कोण जाडजूड बसतंय त्याला इच्यारा. मी एकटाच चालवतो म्हणून सांगितलं. त्यावर त्याने मागच्या सीटकडे नीट पाहिलं, हात पुसले आणि पुन्हा आणू नका म्हणाला. कामाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. अडाणी माणूस.

१३ नोव्हेंबर

सकाळी एक वेडेपणा झाला. कावळा नाक्यावरून सरळ शिरोलीला जायचं, तर मी मार्केट यार्डात शिरलो. विचारात होतो, सवयीने वळलो असं म्हणावं तर मला इथली सवय कुठली? थांबलो ते नेमका एका अडत दुकानासमोर. हमाल गुळाच्या ढेपा उतरवत होते. त्यातल्या एकाने हातातलं काम सोडून मागच्या खिडकीला रामराम केला. मला नाही. फाउंड्रीत वीस मिनिटं उशिरा पोचलो.

१४ नोव्हेंबर

पुन्हा तेच दुकान. आज मी खाली उतरलो, गाडीला वळसा घातला आणि मागचं डावं दार उघडून धरलं. किती वेळ धरलं ते सांगता येत नाही. हात भरून आला तेव्हा भानावर आलो. कुणी हसलं नाही. हमाल वाट सोडून बाजूला झाले होते, कुणीतरी आत चालत जात असावं तसे.

जे कुणाला सांगत नाही ते इथे लिहितो. माझे वडील पुण्यात एका कारखानदाराचे ड्रायव्हर होते. तीस वर्षं दारं उघडली. मी लहान असताना एकदा त्यांना भर पावसात दार धरून उभं असलेलं पाहिलं आणि मला त्यांची शरम वाटली. तेव्हा ठरवलं होतं की आपण कुणाचं दार धरायचं नाही. ते गेले तेव्हासुद्धा ती शरम गेली नव्हती.

१५ नोव्हेंबर

आरशात कुणी दिसत नाही. पण सीटच्या कातड्याला खळगा पडतो. यार्डात दार उघडलं की भरून येतो, संध्याकाळी तिथे पुन्हा थांबलो की पडतो. ब्रेक जोरात लागला तेव्हा मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. नोकराचं चुकल्यावर मालक खाकरतात, तसा. त्याला माझं चालवणं आवडत नाही. माझं.

१६ नोव्हेंबर

कसबा बावड्यात जोतीरामाच्या घरी गेलो, रिक्षाने.  त्याने सांगितलं ते असं. तिसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर बाळासोंचं रक्षाविसर्जन होतं. नैवेद्य ठेवला, पण दोन तास कावळा शिवेना. दुकान नीट चालवू, भावाशी भांडणार नाही, सगळ्यांनी सगळं कबूल करून पाहिलं. शेवटी आक्का हात जोडून म्हणाल्या, तुमची गाडी रोज यार्डात जाईल, गाडीवर माणूस ठेवते. शब्द तोंडातून बाहेर पडायचा अवकाश, कावळ्याने भाताला चोच लावली.

तेव्हापासून तीन महिने जोतीराम रोज गाडी नेत होता. म्हणाला, मोकळी कधीच न्हवती. शेवटी त्याने आक्कांचे पाय धरले. सुटायची वाट एकच होती. दुसऱ्या कुणीतरी आपल्या राजीखुशीने ते काम घ्यायचं.

मी म्हटलं, काम कसलं, मी गाडी विकत घेतली आहे, कागद माझ्या नावावर आहेत. त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, त्या घरात गडी ठेवताना मालकीण टॉवेल-टोपी देती, पावणं. आमी गाडी इकली न्हाय. गडी ठिवलाय.

१७ नोव्हेंबर

आक्कांपुढे टॉवेल-टोपी नेऊन ठेवली. त्यांनी हात लावला नाही. गेल्या खेपेला मी ‘तुमी’ होतो, आज ‘तू’. मला पायरीवर बसवलं आणि चहा दुसऱ्या कपातून दिला, कान तुटलेल्या. मी बसलो. प्यायलो. गाडी परत घ्या, पैसे नकोत म्हटलं. त्या म्हणाल्या, माझ्या हातात न्हाय रं आता. त्यांनी ठेवून घेतलंय तुला. मी म्हटलं, तेवीसला माझी बायको-पोर येतायत, त्यांना त्या गाडीत कसं बसवू? तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. पोरीला त्या जागेवर बसू देऊ नकोस म्हणाल्या. एवढं एकदाच दारापर्यंत सोडायला आल्या.

अंधश्रद्धाळू, आडमुठी, गूळ विकणारी माणसं. मी इंजिनिअर आहे.

१८ नोव्हेंबर

किल्ली कपाटात कुलूपबंद केली आणि केएमटीच्या बसने निघालो. कावळा नाक्यापर्यंत मी बसमध्ये होतो, तिकीट अजून खिशात आहे. त्यानंतरचं— यार्डात दार धरून उभा होतो. किल्ली हातात.

१९ नोव्हेंबर

फाउंड्रीतून ताकीद आली, रोज दोन तास कुठे असता. काय सांगू? गुळाच्या दुकानाबाहेर गाडी पुसत असतो.

मोनाला फोन केला, येऊ नका म्हणालो. तिने कारण विचारलं. ऑफिसात काम वाढलंय म्हणालो. तिकिटं काढली आहेत म्हणाली.

२१ नोव्हेंबर

आज तो बोलला. फक्त ‘हळू’. आणि मी ‘जी’ म्हणालो. माझ्याच तोंडून— वडिलांचा शब्द.

मला त्याची किळस येते. त्यापेक्षा जास्त माझी.

२३ नोव्हेंबर

रिक्षाने आणायला जायचं असं पक्कं केलं होतं. स्टेशनबाहेर पाहतो तर गाडीच उभी, मीच आणलेली. राजनंदिनी पुढे पळाली, तिने मागचं डावं दार उघडलं. मी तिचा दंड धरून तिला ओढलं. बोटं उमटली. ती रडली नाही, माझ्या हाताकडे बघत राहिली. मोनाने विचारलं, गाडी कुणाची आहे? मला ‘आपली’ म्हणायचं होतं.

मालकांची, म्हणालो.

दोघींना रिक्षात बसवलं. मी गाडी घेऊन यार्डात गेलो. आज रविवार, यार्ड बंद. तरी गेलो.

२४ नोव्हेंबर

रात्रभर मोनाशी बोललो, सगळं सांगितलं. तिला पटलं नाही, पण घाबरली. म्हणाली गाडी इथेच सोड, नोकरी सोड, नऊच्या एसटीने पुण्याला चल. मी जाणार आहे. बॅग भरली. पोरीला घेऊन निघायचं, बस्स.

आठ वाजून दहा मिनिटं. मोना आत कुलूप शोधते आहे.

खाली हॉर्न वाजला. मोनानेही ऐकला— कोण वाजवतंय विचारते—

राजनंदिनी बाल्कनीतून सांगते, गाडीत मागे एक आजोबा बसलेत. हाताने बोलावतायत. सरकून जागा करून देतायत—

बाल्कनीत नाही. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज— मोना, धर तिला—

दार उघडलं. गाडीचं ते जड दार, मला आवाज कळतो. तिला नको. तिला बसवू नका. मी येतो, कुठेही जात नाही, रोज नेतो, मरेपर्यंत नेतो— पोरीला उतरवा, मालक, आलो, हा बघा आलो, गाडी मीच काढ—