बोरवाडीच्या हजेरीचा तक्ता

अमरावती,
ता. १२ ऑक्टोबर १९३१

॥ श्री ॥

ती. मैनाबाईच्या पायांशी धाकट्या भावाचा, खुशालचा दंडवत. वि. वि. येथे आम्ही दोघे सुखरूप आहोत. शकुनला पाचवा महिना लागला. तिला आंबट सोडून काही गोड लागत नाही आणि मी केलेला चहा तर मुळीच नाही. तुझी तब्येत कशी आहे ते दोन पत्रांत एकदा तरी लिहीत जा. शाळेतल्या सगळ्या पोरींचे पडसे-खोकले कळवतेस, आपले मात्र नाही.

आता कामाचे. आमच्या हपिसात मोठी उलथापालथ झाली. नागपूरला शाळाखात्याचे वरचे साहेब बदलले आणि पाठोपाठ आमच्या वऱ्हाडचे इन्स्पेक्टरही नवे आले. जानराव साहेब. दर्यापूरकडचे, म्हणजे आपल्याच काळ्या मातीतले, पण हसू बहुधा बिऱ्हाड हलवताना मागच्या गावी विसरले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना एकच विचारले, की मुले शिकतात हे तुम्हाला कळते कसे. मी पडलो हेडक्लार्क. मी म्हणालो, महिन्याच्या तक्त्यावरून. 

त्यांचा पहिलाच हुकूम तुझ्या डोक्यावर येऊन बसणार आहे, म्हणून आधी कळवतो. ज्या मुलींच्या शाळेची हजेरी ऑक्टोबर ते डिसेंबर सरासरी विसाच्या खाली जाईल ती शाळा एक जानेवारीपासून बंद, आणि मुली मुलांच्या शाळेत. हे महिने कापसाचे, हे दर्यापूरच्या माणसाला ठाऊक नसेल असे कसे म्हणू? वरूनच रेटा असावा.

बाई, रागावू नको, पण सगळे मास्तर करतात ते तूही कर. पट एकतीसचा आहे ना, सव्वीस-सत्तावीस हजर लिहून मोकळी हो. अकरा वर्षे मी तक्ते करतो आहे, आजवर एकाही खेड्यात कोणी मुंडकी मोजायला गेले नाही. जास्त काय लिहू? माया आहे तशीच ठेवावी.

तुझा,
खुशाल

बोरवाडी, तालुका बाळापूर,
ता. २० ऑक्टोबर १९३१

चि. खुशालला मैनाबाईचे पुष्कळ आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. विशेष हे की तुझे पत्र वाचून माझे डोके फिरले. तुले पाढे मी शिकवले, आणि तू मले खोटे लिहायला शिकवून राहिला? हसू नको माझ्या भाषेला. शाळेत दिवसभर पुस्तकासारखे बोलावे लागते, तुझ्याशी तरी जीभ सैल सोडू दे.

मुलांच्या शाळेत घाला म्हणणे सोपे आहे. तिथे एकच खोली, मिसरूड फुटलेले पोट्टे, आणि मास्तर दिवसभर तंबाखू मळत बसलेला. इथले एकही माय-बाप तिथे पोरीला पाठवणार नाहीत. एकतीसच्या एकतीस घरी बसतील आणि दोन-तीन वर्षांत लग्नाला उभ्या राहतील. शाळा बंद होणे म्हणजे हे होणे. माझे काय, मी परत अकोल्याला जाऊन आपल्या बाबांच्या मळ्यात मेथी खुडीन. ह्यांनी कुठे जावे?

परवा कापसाच्या पहिल्या वेच्याची सीतादहीची पूजा झाली. वावराच्या धुऱ्यावर सात खडे मांडले, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या सहा जणी. मी तडक तानुबाईच्या घरी गेले. तिची पार्बती चौथीत आहे, सगळ्यांत हुशार. तानुबाई म्हणाली, मास्तरीनबाई, माह्या पोरीची बोटं बारीक हायेत तवर बोंडात चालतात. तुमचं पुस्तक घरी राहिलं तर सुकत नाई, माहा कापूस वाऱ्यानं उडून जाते. बाप्पा! बाई खरेच बोलत होती.

मग मी शाळाच उचलली. आलेल्या सहा जणींना सोबत घेते, दाराला कुलूप लावते आणि वावरात जाते. पोरी आपापली पात धरून वेचतात आणि मी मधून चालत पाढे, कविता, नद्यांची नावे म्हणवते. काल तेराचा पाढा अडला, तर तेरा साते एक्क्याण्णव हे पहिले कोण म्हणाले असेल? तानुबाई! मग लाजली आणि उगाच ओटीतला कापूस सारखा करत बसली.

हजेरीचे मी असे केले. शाळेत बसली तिला उभी रेघ, घरी राहिली तिला फुली, वावरात शिकली तिला गोल. गोल म्हणजे काय ते पानाखाली लिहून ठेवले आहे, आणि महिन्याच्या कागदावरही गोल वेगळेच दाखवणार आहे. साहेबाला शाळा बंद करायची तर खरे वाचून करू दे.

शकुनला जपावे. तिच्यासाठी बोरे पाठवीन. रागाच्या खाली माया असते हे तुला सांगायला नको.

मैनाबाई

अमरावती,
ता. २९ नोव्हेंबर १९३१

ती. बाईला खुशालचा नमस्कार, आणि आधी तोंडात गूळ घाल. वि. वि. तुझा भाऊ इथे बसून काय करून राहिला ते ऐक.

तुझे महिन्याचे कागद आले. आमच्या छापील तक्त्यात खाने दोनच, हजर आणि गैरहजर. तुझे गोल ठेवू कुठे? मी ते हजरमध्ये घातले. त्यात काय बिघडले? शिकल्याच ना त्या? सरासरी आली अठ्ठावीस.

परवा साहेबांनी सगळ्या वऱ्हाडाचा तक्ता पुढे घेतला. कुठे दहा, कुठे बारा, कुठे सात. बोरवाडीवर त्यांचे बोट थांबले. म्हणाले, भर वेचणीत ह्या बाईने अठ्ठावीस मुली बसवल्या कशा? हिच्यापाशी काही तरी युक्ती आहे, ती आपण पाहू आणि बाकीच्या शिक्षिकांना शिकवू. अभिमानाने माझ्या कोटाची बटणे तुटायची बाकी होती. तू माझी बहीण हे मात्र बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात ते स्वतः तुझ्याकडे येतील. तेवढे दोन दिवस पोरींना खाऊचे आमिष दाखवून वर्गात बसव, म्हणजे झाले. शाळा वाचली म्हणून समज. शकुन म्हणते की बोरे फार लवकर संपली. भावाचे कौतुक पत्राने कळवावे.

खुशाल

बोरवाडी,
ता. ३ डिसेंबर १९३१

खुशाल, आशीर्वाद आहेतच. ते दिल्यावर परत घेता येत नाहीत.

तुझे पत्र आणि तुझे साहेब एकाच दिवशी आले. साहेब सकाळी, पत्र संध्याकाळी.

पोरींसाठी अकोल्याहून पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. शाळेला कुलूप. कोणी तरी वावराकडे बोट दाखवले, तर बूट-कोटानिशी ढेकळे तुडवत तिथे आले. मी कमरेला ओटी बांधून ओळीत उभी. त्यांनी विचारले की हेडमिस्ट्रेस कुठे आहे. मी म्हणाले, हीच.

रागावले नाहीत रे. कापसाच्या पऱ्हाटीत उभे राहून त्यांनी पोरींना सतराचा पाढा विचारला, तापी कुठून निघते ते विचारले. एकही चुकली नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. मग त्यांनी खिशातून वाचनाचे पुस्तक काढले आणि पाच जणींकडून वाचून घेतले. नाही वाचता आले. दीड महिना अक्षरावर डोळा पडला नाही, तर येईल कसे? पार्बतीसुद्धा दर ओळीला अडखळली, आणि मग तिने पुस्तक माझ्याच हातात दिले. खुशाल, ते मला फार लागले. मी गोल काढत होते आणि मनाशी म्हणत होते की शिकल्या. अर्ध्याच शिकल्या होत्या.

मग शाळेत येऊन त्यांनी हजेरीबुक पाहिले. पान उलटले, गोलांचा खुलासा वाचला, आणि पिशवीतून तुमचा छापील तक्ता काढून शेजारी ठेवला. विचारले, की बुकात रेघा सहा-सात आहेत, मग हे अठ्ठावीस कोणी केले? मला क्षणात कळले. मी म्हणाले, माझी बेरीज चुकली.

ते म्हणाले की ज्या बाईच्या पोरी सतराचा पाढा न चुकता म्हणतात तिची बेरीज अशी चुकत नाही, ही मुद्दाम केलेली आहे. आठ दिवसांत लेखी खुलासा द्या. तो पटला नाही तर तुमची नोकरी गेली आणि शाळाही एक तारखेपासून बंद. जाताना पेढे मात्र स्वतःच्या हाताने वाटून गेले.

मी तेच लिहून देणार आहे, की बेरीज माझीच चुकली. तुझ्या घरी लेकरू येणार आहे आणि तुझी खुर्ची गेली तर तुम्ही उघड्यावर याल. पण माझा राग तुला कळू दे. मी खरे लिहिले होते, तू त्याचे खोटे केले, आणि आता ते खोटे माझ्या तोंडात आहे. काल पार्बतीने विचारले की शाळा कावून बंद होणार, तर मला तिच्याकडे पाहवले नाही. तू मात्र तोंड उघडू नको. ही विनंती नाही.

मैनाबाई

अमरावती,
ता. १० डिसेंबर १९३१

ती. बाईला साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझे ऐकले नाही.

हपिसातले सगळे टपाल मीच फोडतो. तुझा खुलासा काल माझ्याच हातात आला. चार ओळी, आणि खाली तुझी सही. तीन वेळा वाचला. कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारला की सहा महिने कोणाला सापडत नाही, ही कला मला चांगली येते. हातही तिकडे गेला होता, लपवत नाही. पण त्या खोट्या खुलाशाखाली तुझे नाव पाहिले आणि मला माझीच लाज वाटली. तुझा खुलासा घेतला, तुझे मूळचे गोलांचे कागद काढले आणि साहेबांच्या खोलीत गेलो.

मी सांगितले की बेरीज बाईची नाही, माझी आहे, आणि बाई माझी सख्खी बहीण आहे. मग त्यांनी विचारले, की बहीण नसती तर हे गोल कुठे घातले असते. मी म्हणालो, गैरहजरमध्ये. ते म्हणाले, की तेही खोटेच झाले असते.

बाई, शाळा राहिली. बोरवाडीला कापसाच्या दोन महिन्यांची हजेरी सरासरीत धरायची नाही, ते दिवस उन्हाळ्यात सकाळच्या शाळेने भरून काढायचे. मार्चमध्ये ते स्वतः येऊन पोरींचे वाचन घेणार. ते जमले तर हीच सोय दुसऱ्या गावांना द्या म्हणून नागपूरला लिहिणार. तुझ्यावर ठपका नाही.

माझी हेडक्लार्की गेली. मी मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास आहे, म्हणून वरूडपलीकडच्या एका खेड्यात मास्तर म्हणून पाठवतात. साहेब म्हणाले, तक्ते करणाऱ्याने काही वर्षे हजेरी घेऊन पाहावी. शकुन अर्धा तास रडली आणि मग उठून भांडी बांधायला लागली. राग असेल तर असू दे, पण पत्र बंद करू नये.

खुशाल

बोरवाडी,
ता. १८ डिसेंबर १९३१

चि. खुशालला पोटभर आशीर्वाद. विशेष काय लिहू, तुझे पत्र वाचून मी पोरींसमोर रडले आणि डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितले. त्यांनी मान्य केले, शहाण्या आहेत. मेल्या, लहानपणापासून तू माझे कधी ऐकले नाही. हे एकच न ऐकणे मला आवडले.

काल सगळ्या मायांना देवळापाशी बोलावले. वैशाखात शाळा म्हटल्यावर गलका झाला, की उन्हानं पोट्ट्या भाजून निघतील. मी म्हणाले, उन्हाच्या आत सोडीन. तेव्हा तानुबाई उठली आणि तिने विचारले, की साहेबापुढे पार्बतीले वाचता नाई आलं ते माह्यामुळं का? मी हो म्हणाले. खोटे कशाला बोलू? ती निघून गेली. आज सकाळी पार्बती पाटी घेऊन दारात हजर, आणि तिची पात तिची माय धरून आहे. तिला पाहून आणखी अकरा आल्या. मार्च फार जवळ आहे, मनात धाकधूक आहे.

शकुनला बाळंतपणाला माझ्याकडे पाठव. नव्या गावाला तिचे हाल करू नको. तुझी खुशाली कळवत राहा, इकडे वाट पाहणारे कोणी आहे हे ध्यानात असू दे.

तुझी बाई

मुक्काम वरूडनजीक,
ता. ६ जानेवारी १९३२

ती. बाईच्या पायांशी खुशाल मास्तराचा दंडवत. वि. वि. शकुनला परवा तुझ्याकडे सुखरूप पोहोचवले, त्यामुळे इथे मी एकटा. भाकर करपते, दुसरे दुःख नाही.

शाळा दोन संत्र्याच्या बागांच्या मध्ये आहे. पट एकेचाळीसचा. आधीच्या मास्तरांचे बुक उघडले, तर रोज छत्तीस, सदतीस, छत्तीस. सगळी शाई एकाच दिवसाची दिसली. असली बुके अकरा वर्षे माझ्या हाताखालून गेली आणि मी त्यांच्या बेरजा बरोबर आहेत म्हणून सह्या केल्या.

आज पहिला दिवस. आली नऊ मुले. बाकीची बागेत, कोणी संत्री तोडायला, कोणी पेट्यांत गवत भरायला. गावचे पाटील किसनराव दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, मास्तर, पहिल्या मास्तरानं कधी पस्तिसाच्या खाली लिवलं नाई, पोरीच्या शाळेवानी तुमच्या आकड्यानं हे बी शाळा गेली तर गाव तुमालेच धरंल. आणि ते तिथेच उभे राहिले, मी काय लिहितो ते पाहत.

बाई, बत्तीस मुले बसत नाहीत ती जागा केवढी मोठी दिसते हे मला माहीत नव्हते. टाक शाईत बुडवला. ही शाळा माझ्याच हाताने बंद होईल अशी भीती वाटली. अजून वाटते.

मी नऊ लिहिले.

आशीर्वादाची आता खरी गरज आहे.

तुझा,
खुशाल