ईस्टरच्या आत सगळ्यांना माफ करणे

६ मार्च १९५५, रविवार. बारामती.
पुन्हा मागचा बाक. प्रभुभोजनाची भाकर पुढं सगळ्या मंडळीला वाटली आणि मी, आबाजी, कारखान्याच्या ऊसकाट्यावरचा सीनियर क्लार्क, बाप्तिस्मा न झालेल्या चिल्ल्यापिल्ल्यांत हात मांडीखाली दाबून बसलो. दाबले नसते तर रामहरीच्या थोबाडात एक बसली असती. टाळ वाजवता वाजवता माझ्याकडं बघून हसत होता मेला.
सहा महिने झाले, पाळकसाहेबांनी मला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवलंय. कारण काय, तर मी मारामाऱ्या करतो. मी! उपासनेनंतर बोलावून म्हणाले, ईस्टरला शेवटचा चान्स. मंडळीची रीत ठाऊकच आहे: ज्याच्याशी वाकडं, त्याच्याशी आधी समेट. त्या दिवशी ते भर चर्चमध्ये विचारणार, आबाजीबद्दल कुणाच्या मनात काही आहे का. कुणी उठलं नाही तर मेजावर. कुणी उठलं तर रजिस्टरातून नाव कट.
त्या रजिस्टरात पहिल्या पानावर माझ्या आजोबांचं नाव आहे. ते ख्रिस्ती झाले तेव्हा गावानं त्यांचं पाणी तोडलं होतं. गाव तेव्हाच गेलं, आता मंडळी गेली तर मला मातीसुद्धा द्यायला कोण येणार?
संकल्प: सगळ्यांना माफ करणे. राग आजपासून बंद.

७ मार्च.
यादी केली. रामहरी. चंद्राबाई. मेहुणा अप्पा, इंदापूर. तीनच! मुळात मी शांत माणूस. बायकोला, सारजाला, वाचून दाखवली. तिनं विचारलं, संपली का? म्हटलं, संपली. ती भाकरी थापायला लागली. बायकांना अध्यात्माची गोडी बेताचीच.

९ मार्च, बुधवार.
संध्याकाळी प्रार्थना सभा. ढोलकी माझ्याकडं, टाळ रामहरीकडं. पहिलं भजन झाल्यावर त्याला जाहीर सांगितलं, जा, तुला माफ केलं. तर म्हणतो, कशापायी? दात माझा पडलाय न्हवं? उपकाराची जाणीवच नाही. तरी मी शांत. त्याला दुसरा गाल पुढं करायची संधी मिळावी म्हणून पहिल्या गालावर एक दिली. दुसरा गाल राहिला बाजूला, गड्यानं टाळच फेकून मारला. कपाळाला तीन टाके. ढोलकी त्याच्या डोक्यात घालावी लागली, फुटली. श्रद्धा कच्ची आहे त्याची. समारोपाची प्रार्थना झालीच नाही.

१३ मार्च, रविवार.
उपदेश सौम्यतेवर. नोट्स काढल्या. मला पट्टी, रामहरीलाही पट्टी. सहभागिता म्हणतात ती हीच असावी.

१६ मार्च.
चंद्राबाई. वय सत्तर, घरोघर शास्त्र वाचून दाखवते आणि मला चारचौघांत रानडुक्कर म्हणते. शेरभर गूळ घेऊन गेलो, म्हटलं, माफ केलं. म्हातारी कडाडली, मुडद्या, माझ्या कोंबड्याची मान कुणी मुरगळली? मी मुरगळली. नाकारलं नाही. मी प्रार्थनेत असताना तीनदा आरवला तो. कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची आठवण येऊन माझ्या जिवाला लागलं, त्याला मी काय करू? तिनं जात्याचा खुंटा उपसून माझ्या नडगीवर हाणला. बाईमाणसावर हात उचलायचा नाही हे माझं तत्त्व (घरातलं वेगळं). म्हणून फक्त तिची मडकी फोडली. गूळ परत आणला.

२० मार्च, रविवार.
सकाळी चहा गार. कपबशी भिंतीवर भिरकावली. सारजा मधे उभी होती, तिची भुवई फुटली. हजारदा सांगितलंय, मधे येऊ नये. तिच्यापायी उपासनेला उशीर. पदर नाकापर्यंत ओढून बसली होती, त्यामुळं कुणाला काही दिसलं नाही. संकल्प मोडला असं धरत नाही. घरातल्या गोष्टी त्यात येत नाहीत.

२७ मार्च.
एसटीनं इंदापूर. अप्पाला म्हटलं, मोठ्या मनानं आलोय, झालं गेलं विसरलो. तो म्हणाला, माझ्या भनीला आदी इच्यारलं का? म्हटलं, तिचा इथं काय संबंध, मुद्द्याचं बोल. मग त्यानं कुऱ्हाड बाजूला ठेवली, हे त्याचं चांगलं केलं, आणि मला बाभळीच्या फेसाटीत आडवा केला. पाठीत काटे, डावा हात मोडला. तो छातीवर बसलेला असताना मी त्याला खालूनच माफ केलं. इतक्या अडचणीतून क्षमा करणारा दुसरा माणूस तालुक्यात दाखवा.

३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार.
मिरवणुकीत रामहरीची झावळी माझ्या डोळ्यात गेली. मुद्दाम! एका हातानं माझी झावळी त्याच्या पाठीवर चालवली, नुसता दांडा उरेपर्यंत. पण काय सांगू, प्रभूची लीला! रामहरी हात जोडून म्हणाला, देवाशपथ, माज्या मनात कायबी न्हाय, म्या उठत न्हाय. चंद्राबाईही जवळ आली, म्हणाली, मीबी बसूनच ऱ्हाईन बाबा, अजून दोन कोंबड्या हायेत माज्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभराच्या तपश्चर्येचं फळ.

८ एप्रिल, उत्तम शुक्रवार.
उपास. तीन तास गुडघ्यांवर. अप्पाचं कार्ड आलं: ईस्टरला येतो, पण मला उठायची गरज पडणार न्हाय. बघा, दगडालाही पाझर फुटला. सारजानं विचारलं, मेजावर जाताना मी कुठं बसू? म्हटलं, माझ्या मागं.

१० एप्रिल, ईस्टर.
चर्च खचाखच. मी पहिल्या बाकावर, नवा शर्ट, हात गळ्यात. पाळकसाहेबांनी विचारलं, आबाजीबद्दल कुणाच्या मनात काही आहे का? रामहरी पायाकडं बघत बसला. चंद्राबाई डोळे मिटून. अप्पा दाराशी हाताची घडी घालून उभा. मी मेजाकडं जायला अर्धा उठलोसुद्धा.
मागून सारजाचा आवाज आला. हाय. माज्या मनात हाय. बारा वर्सं हाय. ह्ये समद्यांकडं गेले, मला कुणी इच्यारलंच न्हाय.
तिनं पदर मागं सारला. भुवईवरचा वण सगळ्यांनी बघितला. बायकांच्या बाजूला कुणीतरी रडायला लागलं. पाळकसाहेब माझ्याकडं बघत राहिले, बराच वेळ. मी माफीचा एक शब्द बोललो असतो तर ते थांबले असते असं वाटतं. मी म्हणालो, घरातलं आहे हे. त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं, दौत उघडली.
सारजानं भाकर घेतली. माझ्या शेजारून गेली.

संध्याकाळी.
अप्पा तिला इंदापूरला घेऊन निघाला. स्टँडवर गेलो, लांब उभा राहिलो. ती खिडकीत बसली होती. मोटार सुरू झाली तेव्हा नीट जा म्हणावं म्हणून उजवा हात वर केला.
तिनं दोन्ही हात डोक्यावर धरले आणि खाली वाकली.
मी हात खिशात घातला. मोटार गेली.