दोन बाटल्या गुलाबी पाणी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा (अजूनही धाकटाच आहे) साष्टांग नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा राग कसा आहे? इकडे सगळे खुशाल. मोरीत तळणाचं तेल ओतायचं नाही, असा मी घरात कायदा केल्यापासून ओट्यावर काळ्या तेलाच्या बाटल्यांची रांग लागली आहे आणि बायको माझ्याशी मोजकंच बोलते. म्हणजे तुझ्यापेक्षा बरंच.

तू अबोला धरला आहेस, तेव्हा माझी बाजू निदान कागदावर तरी ऐक. भाऊजींच्या रंगाईच्या कारखान्याचं पाणी नदीत सोडतात, ही तक्रार मी नाही, नदीच्या खालच्या अंगाला कपडे धुणाऱ्या परटाने केली. अख्ख्या गल्लीचे पांढरे सदरे त्याच्या हातून गुलाबी झाले होते. (हेडमास्तर तसेच शाळेत गेले म्हणे.) तक्रार आली की पाण्याचा नमुना घेणं आलं, आणि नमुना मालकासमोर घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर मोहोर लावायची, असा आमच्या प्रदूषण खात्याचा नियम. भाऊजी तोंड फिरवून उभे. मी पाइपाच्या तोंडाशी वाकलो, पाय घसरला आणि कायदा गुडघ्यापर्यंत गुलाबी झाला. तरी दोन बाटल्या भरल्या, समोर धरल्या आणि सवयीने बोलून गेलो, "वाटे मी केले, आता तुम्ही आधी उचला." बिस्किट, खोडरबर, गादीची भिंतीकडची बाजू, सगळं आपण असंच वाटून घेतलं ना गं? भाऊजी चक्रावले, पण शेजारच्या तुमच्या घराच्या दारातून तू फिसकन हसलीस. मग राग आठवला आणि आत गेलीस. पुढे पाणी शुद्ध करायचं यंत्र बसेपर्यंत कारखान्याला टाळं लागलं, आणि त्याबरोबर तुझ्या तोंडालाही. त्या एका हसण्यावर मी दिवस काढतोय.

नदी आता निवळते आहे. आपली घाटाची पायरी पाण्यातून दिसते, तीच, जिच्यावरून तू मला "येतं रे तुला पोहता" म्हणत ढकललं होतंस. (येत नव्हतं.) काल तिथे जाऊन बसलो. ढकलायला कोणी नव्हतं. फार वेळ करमलं नाही, परत आलो.

तुझा,
नकटू

ता. क. भाऊजींनी यंत्र बसवल्याचं कळलं. फार चांगलं झालं. फेरतपासणीला मात्र दुसरा माणूस येईल. आपलं नातं साहेबांना आता कळलंय.

आणखी एक ता. क. खरं सांगू? पहिल्या वेळीही दुसऱ्याला पाठवता आलं असतं. तो माझ्यासमोरच डबा खात बसला होता. पण तू कितीतरी दिवसांत बोलावलं नव्हतंस, आणि मला तुझ्या दारात यायला काहीतरी निमित्त हवं होतं. आता सरकारी निमित्तही संपलं. ताई, बोलाव ना.